कोपनहेगनला दुसऱ्यांदा जाताना : दोघांसाठी तीन रात्रींचं नियोजन

पहिल्या भेटीत न्यूहाउनची रंगीत घरं, दगडावर बसलेली जलपरी, तिवोलीचं मनोरंजन उद्यान, रोझेनबोर्गचा किल्ला आणि कालव्यातली बोट एवढं झालेलं असतं. दुसऱ्या भेटीला मात्र बहुधा तीनच रात्री हाताशी असतात. कधी लंडन किंवा फ्रँकफुर्टहून काढलेली लांबलेली शनिवार-रविवारची सुट्टी, तर कधी युरोपच्या मोठ्या सहलीला शेवटी जोडलेले दिवस. एवढ्याशा वेळात घोटाळा होतो तो तीन गोष्टींनी. एक, सोमवार मध्ये येणं. दोन, गेल्या वेळी राहून गेलेल्या सगळ्या ठिकाणांची यादी संपवायला निघणं. आणि तीन, दोघांच्या आवडी वेगळ्या असूनही तिन्ही दिवस प्रत्येक पाऊल बरोबरच टाकणं. इथे दिलेला बेत गुरुवारी दुपारी उतरून रविवारी संध्याकाळी निघण्याचा आहे. तो तसा का, हे पुढे येईलच.

आधी एक बारीकसं काम करून ठेवा. डॅनिश नावांचं स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ कानाला बसत नाही. तिथे रस्त्यात उभं राहून नाव टाइप करत बसण्यापेक्षा या लेखातली ठिकाणं घरूनच दोघांच्याही फोनच्या नकाशात खुणा करून ठेवा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या.

दिवस आणि मोसम

कोपनहेगनची बहुतेक मोठी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. उत्तरेला हुमलबेक गावातलं लुइझियाना हे आधुनिक कलेचं संग्रहालय मंगळवार ते शुक्रवार रात्री १० पर्यंत उघडं असतं, पण शनिवार-रविवारी संध्याकाळी ६ लाच बंद होतं. म्हणून लुइझियाना शुक्रवारी ठेवायचं, आणि बाकीचा बेत त्याभोवती बसवायचा.

सार्वजनिक सुट्ट्याही तपासा. ईस्टरचा गुरुवार, शुक्रवार आणि सोमवार, ५ जूनचा संविधान दिन आणि २५-२६ डिसेंबर या दिवशी मोठ्या दुकानांना कायद्यानंच बंद ठेवावं लागतं. २४ डिसेंबरला दुपारनंतर शहर जवळजवळ झोपतं. जुन्या पुस्तकांत ईस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारी ‘मोठा प्रार्थना दिन’ ही सुट्टी दिलेली असते. ती २०२४ पासून रद्द झाली आहे. तिवोली वर्षभर चालू नसतं, मोसमांच्या मध्ये आठवडेच्या आठवडे बंद असतं. पुन्हा जायचं मनात असेल तर तारखा आधी पाहा.

मोसम निवडताना साधा नियम ठेवा : पहिल्या भेटीच्या उलटा. उन्हाळ्यात पाहिलेलं शहर डिसेंबरात ओळखू येत नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य रात्री १० च्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी पावणेचारच्याही आत. हिवाळ्यात जाणार असाल तर उघड्यावरचं सगळं सकाळी १० ते दुपारी ३ मध्ये उरका. आम्हाला विचाराल तर दुसऱ्या भेटीसाठी एप्रिलचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरचा पूर्वार्ध सर्वांत चांगले. एप्रिलमध्ये बिस्पेबियेरच्या दफनभूमीतल्या चेरीच्या झाडांची कमान फुललेली मिळू शकते आणि सप्टेंबरात उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते.

व्हिसा : दुसऱ्यांदा जाणाऱ्यांना काय फायदा

जर्मनी, नेदरलँड्स अशा शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) राहण्याचा परवाना असलेल्या भारतीय पासपोर्टधारकांना वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड मात्र दोन्ही जवळ हवं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतोच. भारतातून जाणाऱ्यांनी पुढचा क्रम धरावा.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. १५ दिवसांवर विसंबू नका, दोन-अडीच महिने आधी करा. ज्या देशात जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. कोपनहेगनच्या तीन रात्रींना पॅरिसच्या पाच जोडल्या असतील तर अर्ज फ्रान्सकडे जाईल. डेन्मार्कचा अर्ज ऑनलाइन भरून मग व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर कागद द्यायचे असतात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध असलेला हवा.

खरा फायदा पुढे आहे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघानं भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केले. मागच्या ३ वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळून ते नियमानुसार वापरले असतील, तर पुढचा व्हिसा २ वर्षांचा, कितीही वेळा ये-जा करता येणारा मिळू शकतो. त्यामुळे जुन्या व्हिसांच्या आणि आल्या-गेल्याच्या शिक्क्यांच्या छायाप्रती न मागताही जोडा. जुना पासपोर्ट संपला असेल तर तोही बरोबर न्या. मुक्कामाची मर्यादा मात्र कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, हीच राहते.

पती-पत्नींचे अर्ज वेगवेगळे असतात. नेहमी अडतं ते दोन ठिकाणी. बँक खातं एकाच्याच नावावर असेल तर दुसऱ्याच्या अर्जाला खर्च उचलण्याचं पत्र आणि विवाह प्रमाणपत्र जोडावं लागतं. आणि पत्नीच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, तर विम्यावर सासरचं नाव असेल तर तो विमा परत करून नवा घ्यावा लागतो. विमा, विमान आणि हॉटेल, तिन्हीवर पासपोर्टवरचंच नाव असू द्या.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो नोंदवण्याची पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या नोंदणीला वेळ लागतो. वाटेत शेंगेनमधल्याच विमानतळावर विमान बदलणार असाल तर ही नोंद तिथे होते, म्हणून मधला वेळ दोन तासांपेक्षा कमी ठेवू नका.

मुक्काम कुठे

पहिल्यांदा सगळे मुख्य स्थानकाजवळ उतरतात. दुसऱ्यांदा तिथे राहायची गरज नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली एम-३ ही वर्तुळाकार मेट्रो १७ स्थानकांची आहे आणि २४ मिनिटांत पूर्ण फेरी मारते. तिच्या कोणत्याही स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर खोली घेतलीत तर शहराचा मध्य जवळच आहे. नोरेब्रो किंवा फ्रेडरिक्सबेर्ग ही दोन उपनगरं आम्ही आधी पाहू. पहिलं गजबजलेलं, निरनिराळ्या देशांच्या माणसांनी भरलेलं, तर दुसरं झाडांचं आणि शांत.

खोल्या लहान असतात आणि डबल बेडवर बहुधा दोन वेगवेगळी पांघरुणं मिळतात, एक मोठं नव्हे. ही तिथली रीत आहे, हॉटेलची चूक नाही. स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर चादरी-टॉवेलचे आणि साफसफाईचे पैसे भाड्यात धरले आहेत का ते पाहा, कारण तीन रात्रींच्या हिशेबात ती रक्कम बोचते. शेगडी बहुधा इंडक्शन असते, त्यावर घरून नेलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं तापणार नाही. भारतातला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही. दोन गोल पिनांचा, युरोपचा ॲडॉप्टर चालतो.

तिकीट : इथेच सर्वांत जास्त दंड बसतो

मेट्रोला फाटकं नाहीत. कुणी अडवत नाही, म्हणून तिकीट नंतर घेऊ असं वाटतं आणि तपासनीस डब्यात भेटतो. तिकीट चढण्याआधीच हातात हवं.

सिटी पास दोन प्रकारचे असतात. ‘स्मॉल’ पासात झोन १ ते ४ येतात, म्हणजे शहर आणि विमानतळ. ‘लार्ज’ पास सगळ्या राजधानी परिसरात चालतो. हुमलबेक आणि रविवारचं हरणांचं वन स्मॉलच्या बाहेर आहे. या लेखातला बेत जसाच्या तसा करणार असाल तर प्रत्येकी ७२ तासांचा लार्ज पास घ्या. शहराबाहेर एकदाच जाणार असाल तर स्मॉल पास आणि त्या एका फेरीचं सुटं तिकीट स्वस्त पडतं का, ते रेजेप्लानेन या अ‍ॅपवर भाडं पाहून ठरवा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पास गुरुवारी दुपारी ३ ला सुरू केलात तर तो रविवारी दुपारी ३ ला संपतो. विमानतळाकडे त्याआधी पोहोचा, नाहीतर परतीचं वेगळं तिकीट काढा. दुसरं, दोघांचे पास एकाच फोनवर घेऊ नका. मग एकटं कुठे जाताच येत नाही, आणि त्या फोनची बॅटरी संपली तर दोघंही विनातिकीट.

भरपूर प्रवेशशुल्कं ज्यात धरलेली असतात ते कोपनहेगन कार्ड पहिल्या भेटीत वसूल होतं. दुसऱ्या भेटीत बहुधा होत नाही, कारण पुढे सांगितलेल्या ठिकाणांपैकी बरीच मोफत आहेत.

गुरुवार

विमानतळावरून मेट्रोनंच जा. पिवळी एम-२ टर्मिनल ३ वरून सुटते आणि पाऊण तासाच्या आत तुम्ही खोलीवर असता. विमानतळ हे या मार्गाचं टोकाचं स्थानक आहे, त्यामुळे चुकीच्या दिशेला जाण्याची सोयच नाही. आगगाडीच्या स्थानकातून मात्र काही गाड्या शहराकडे आणि काही पूल ओलांडून स्वीडनमधल्या माल्मोकडे जातात. थकलेल्या डोळ्यांनी चुकीच्या गाडीत बसलात तर थेट दुसऱ्या देशात उतराल.

संध्याकाळी पर्यटक बोटीऐवजी बंदरातली ‘हाउनेबुस’ घ्या. ही सार्वजनिक वाहतुकीची बोट आहे, क्रमांक ९९१ आणि ९९२, सिटी पासवर चालते. न्यूहाउनला चढून ऑपेराला उतरा. ऑपेराशेजारी २०२३ मध्ये उघडलेली बाग गेल्या वेळी तुम्ही पाहिली नसेल. तिथून पुन्हा बोटीनं रॉयल लायब्ररीपर्यंत, म्हणजे काळ्या ग्रॅनाइटच्या ‘ब्लॅक डायमंड’ इमारतीपर्यंत या. उन्हाच्या दिवशी बोट भरते आणि लोकांना काठावर सोडून निघते, तेव्हा पुढचीसाठी थांबण्याची तयारी ठेवा.

वाटेत एक रिकामी जागा डोळ्यांना खटकेल. जुन्या शेअरबाजाराचा, चार ड्रॅगनांच्या पिळलेल्या शेपट्यांचा मनोरा १६ एप्रिल २०२४ च्या आगीत कोसळला. सतराव्या शतकातली ती इमारत पुन्हा उभारली जात आहे. पहिल्या भेटीतला तिचा फोटो तुमच्याकडे असेल तर जपून ठेवा.

शुक्रवार

सकाळी १० ला डेव्हिड कलेक्शन. रोझेनबोर्गच्या बागेसमोरच्या रस्त्यावर, एका जुन्या घरात इस्लामी जगातल्या कलावस्तूंचा हा संग्रह आहे. प्रवेश मोफत. मराठी माणसानं इथे जाण्याचं खास कारण म्हणजे संग्रहातली भारतीय लघुचित्रं, त्यांत मुघलांबरोबर दख्खनचीही. ज्या सुलतानांच्या दरबारांत मराठे सरदार वावरले, त्या जगातले रंग आणि पोशाख हातभर अंतरावरून पाहायला मिळतात. कागदावरची चित्रं प्रकाशापासून जपण्यासाठी आळीपाळीनं मांडली जातात, तेव्हा एखादं ठरावीक चित्र मनात धरून जाऊ नका. दालनं अंधारी असतात. दीड-दोन तास पुरतात.

जेवण दहा मिनिटांवरच्या टॉर्व्हहॅलर्न या काचेच्या बाजारात उरका. दुपारी २ च्या सुमारास नोरेपोर्ट स्थानकातून हेल्सिंग्योरकडे जाणारी गाडी पकडा. हुमलबेकला साधारण ३५ मिनिटं लागतात. जाताना उजवीकडे बसा, समुद्र त्या बाजूला आहे. स्थानकापासून लुइझियाना दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यावर. रुळांच्या दुरुस्तीसाठी या मार्गावर कधीकधी गाड्यांऐवजी बस धावते आणि अर्धा-पाऊण तास जास्त जातो. निघण्याआधी रेजेप्लानेन पाहायचं ते यासाठी.

१९५८ मध्ये उघडलेलं लुइझियाना घाईत पाहू नये. इमारत जमिनीलगत पसरली आहे, काचेच्या बोळांतून एका दालनातून दुसऱ्यात जाता येतं आणि मध्येच बाहेर हिरवळीवर उतरता येतं. शिल्पकार जियाकोमेतीच्या काटकुळ्या मूर्ती तळ्याकडे पाहणाऱ्या दालनात उभ्या आहेत, आणि जपानी कलाकार यायोई कुसामाची आरशांची खोली एका वेळी मोजक्याच माणसांना आत घेते. ती सुरुवातीलाच उरका, रांग लागते. ऊन असेपर्यंत बागेतली शिल्पं पाहा, अंधारल्यावर आतली चित्रं. समोरच्या खाडीपलीकडे दिसतो तो स्वीडन. संध्याकाळी ६ नंतर गर्दी पांगते आणि सगळी जागा दोघांचीच असल्यासारखी वाटते. शुक्रवारचा आग्रह धरला तो संध्याकाळच्या या तासांसाठी.

शनिवार : सायकल, आणि तीन तास वेगळे

भाड्याची सायकल अ‍ॅपवर मिळते. चढण्याआधी ब्रेक, खुर्चीची उंची आणि दिवे तपासा. नियम थोडेच आहेत, पण कडक. उजवीकडून चला, डावीकडून पुढे जा. थांबताना हाताचा पंजा वर उचला, मागच्याला तोच ब्रेकचा दिवा. डावीकडे वळताना चौकात आडवं शिरायचं नाही. सरळ पलीकडे जायचं, कोपऱ्यावर थांबायचं आणि तिकडचा हिरवा दिवा लागल्यावर निघायचं. भारतीय चालकाची चूक नेमकी इथे होते. बस थांबली आणि प्रवासी थेट सायकलमार्गावर उतरत असतील तर थांबायचं. दोघांनी गप्पा मारत समांतर चालवू नका, मागून येणाऱ्यांना कामावर पोहोचायचं असतं.

नोरेपोर्टवरून राणी लुइसचा पूल ओलांडून नोरेब्रोगाडेनं सरळ जा. डावीकडे पिवळी भिंत लागते ती असिस्टेन्स दफनभूमीची. हान्स ख्रिश्चन अँडरसन, तत्त्वज्ञ कीर्केगार्ड आणि भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर या तिघांच्याही कबरी इथे आहेत. आत सायकल हातात धरून फिरा. शेजारच्या येगर्सबोर्गगाडे या लहान रस्त्यावर कॉफी घ्या. पुढे २०१२ चा सुपरकीलेन हा लांबट बगीचा, त्यात परिसरातल्या रहिवाशांच्या मूळ देशांतून आणलेल्या वस्तू आहेत : मोरोक्कोचं कारंजं, जपानी ऑक्टोपसची घसरगुंडी. पाऊस पडला असेल तर रंगवलेल्या जमिनीवर उतरून चाला, चाक घसरतं.

तिथून चढाच्या रस्त्यानं बिस्पेबियेरच्या टेकडीवर ग्रुंटविग चर्च. एका बाजूचं अंतर सगळं मिळून पाच-सहा किलोमीटर. १९४० मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च आतून-बाहेरून पिवळ्या विटांचं आहे, लाखो विटांचं, आणि आत जवळजवळ काहीही सजावट नाही. आमच्या मते शहरातली ही सर्वांत सुंदर आतली जागा. शनिवारी लग्न किंवा बाप्तिस्मा असेल तर आत सोडत नाहीत, म्हणून दुपारी १२ पर्यंत पोहोचा. परतताना पाऊस आला तर सायकल जवळच्या स्थानकातून एस-टोग या उपनगरी गाडीत चढवा, तिथे सायकलीचं भाडं नाही. मेट्रोत मात्र लागतं.

दुपारी २ ते ५ वेगवेगळे. एकाला फर्निचर आणि मांडणीची आवड असेल तर २०२२ मध्ये दुरुस्तीनंतर उघडलेलं डिझाइन संग्रहालय. दुसऱ्याला पाण्याची असेल तर इस्लांड्स ब्रुगेची बंदरातली पोहण्याची मोफत जागा, उन्हाळ्यात जीवरक्षकांसह. जोराच्या पावसानंतर तिथे पोहणं बंद करतात, कारण सांडपाण्याच्या वाहिन्या भरून बंदरात ओसंडतात. फलक पाहूनच उतरा. भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा. राणी लुइसच्या पुलावरची बाकं उत्तम, ऊन असेल तर संध्याकाळी सगळं शहर तिथे बसलेलं असतं.

खाणं

रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं लवकर बंद होतात. रात्री साडेसहा-सातला बसा, नऊनंतर पर्याय झपाट्यानं कमी होतात. शनिवारची टेबलं आधी राखून ठेवा. सेवाशुल्क बिलात धरलेलं असतं, टिप सक्तीची नाही. कार्ड यंत्रानं रुपये की क्रोनर विचारलं तर क्रोनर निवडा, रुपयांचा दर नेहमी महाग. रोख पैसे बदलून नेण्याची गरज नाही.

शाकाहारी पदार्थ सहज मिळतात, पण अंडं धरूनच. राय पावावरची बटाट्याची स्मोरब्रॉड दिसायला निरुपद्रवी असते, तिच्यात मेयोनेज असतं. दह्यात आणि गोळ्यांत जिलेटिन असू शकतं, पाकिटाचं भाषांतर फोनच्या कॅमेऱ्यानं करा. बेकरीत वेलचीचा पिळलेला पाव मागा, मराठी जिभेला तो लगेच ओळखीचा वाटतो. उन्हाळ्यात दुकानांत कोल्डस्कोल मिळतं : ताक, लिंबू आणि व्हॅनिला, वर कुरकुरीत बिस्किटं. पियूष आवडणाऱ्यांना आवडेल, मात्र त्यात बहुधा अंडं असतं.

घरून नेताना लक्षात ठेवा की युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप घरीच राहू द्या. हापूस आणि कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. मेतकूट, भाजणी, चिवडा न्या. तांदूळ-डाळ नोरेब्रोतल्या दुकानांत मिळते. नळाचं पाणी पिण्याचंच असतं. बाटली विकत घेतलीत तर तिच्यावर १ ते ३ क्रोनर अनामत असते, ती सुपरमार्केटमधल्या यंत्रात परत मिळते.

रात्री-अपरात्री तब्येत बिघडली तर थेट दवाखान्यात न जाता १८१३ वर फोन करायचा असतो. जिवावरचं असेल तर ११२.

रविवार

सकाळीच सामान हॉटेलात किंवा मुख्य स्थानकाच्या लॉकरमध्ये ठेवा. एस-टोगच्या सी मार्गानं क्लाम्पेनबोर्गला उतरा, वीसेक मिनिटं. दहा मिनिटांत लाल फाटक आणि त्यापलीकडे राजांचं जुनं शिकारीचं वन. साधारण २००० हरणं मोकळी फिरतात. माळावरच्या एरेमिताज महालापर्यंत तासाभराची सावकाश चाल आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात नर हंबरत असतात, तेव्हा त्यांच्यापासून लांब राहा. माळावर वारा छत्री उलटी करतो, टोपी असलेलं पावसाळी जाकीटच कामाचं.

साडेबाराला परत फिरा. सामान घेऊन तीनच्या आत मेट्रोनं विमानतळावर पोहोचा. शेंगेनबाहेर थेट उड्डाण असेल तर सुरक्षेनंतर पासपोर्ट तपासणीची आणखी एक रांग असते. एका दुकानातून ३०० क्रोनरपेक्षा जास्त खरेदी केली असेल आणि तुम्ही युरोपीय संघाबाहेर राहत असाल, तर कर परत मिळण्याचे कागद सामान बॅगेत जाण्याआधी दाखवायचे, नंतर वस्तू पाहिल्याशिवाय शिक्का देत नाहीत.